सावलीचं झाड आणि भाजीचा वेल शेजारी लावताय? या चुका टाळा

एका कडेला कडुनिंब किंवा करंज, दुसऱ्या कडेला मांडवावर दुधी, दोडका, कारलं. बेत चांगलाच आहे. घोळ होतो तो दोघांना एकाच पाइपने, एकाच वेळी, सारखंच पाणी-खत दिल्यामुळे. दुधीचं सगळं आयुष्य चार-पाच महिन्यांचं, तर झाडाला बसण्याजोगी सावली धरायलाच पाच-सात वर्षं लागतात. वेलाच्या बाबतीत चुकलं तर आठवड्यात दिसतं आणि पुढच्या हंगामात सुधारता येतं. झाडाची चूक कधीकधी दहा वर्षांनी, वादळात ते आडवं झाल्यावर कळते. म्हणून आधी झाड.

झाड खोल पुरणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. खोल खड्डा खणून तळाशी भुसभुशीत माती आणि शेणखत भरलं की पाणी पडल्यावर ते खाली बसतं आणि त्याबरोबर रोपही काही इंच खाली जातं. खड्डा रुंद हवा, खोल नको. रुंदी पिशवीतल्या मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट, खोली गोळ्याच्या उंचीइतकीच. खोड बुंध्याशी जिथे रुंद होतं आणि पहिली मुळं फुटतात, तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. खोड विजेच्या खांबासारखं सरळसोट मातीत शिरलेलं दिसलं, तर रोप खोल गेलंय असं समजा. तिथली साल सतत ओली राहते आणि कुजते. रोप वर्षाच्या आतलं असेल तर गोळ्यासकट काढून वर बसवा. मोठं असेल तर बुंध्याभोवतीची माती हाताने, मुळं न दुखावता बाजूला सारा.

दुसरी बाब पिशवीची. बरेच महिने पिशवीत राहिलेल्या रोपाची मुळं गोल गोल फिरलेली असतात. पिशवी काढल्यावर गोळ्याला तीन-चार ठिकाणी इंचभर खोल उभ्या चिरा द्या, जाड वेटोळं मूळ दिसलं तर कापून टाका. हात धजावत नाही, पण हेच मूळ पुढे जाडजूड होऊन खोडाला आवळतं. खोडाची एक बाजू सपाट आणि त्याच अंगाच्या फांद्या विरळ दिसल्या, तर आधी संशय याच मुळावर घ्यावा.

हाच प्रयोग वेलावर मात्र करू नका. काकडीवर्गीय वेलांना (दुधी, दोडका, कारलं हे सगळे त्यातलेच) मुळं दुखावलेली अजिबात सोसत नाहीत. शक्यतो बी जागेवरच टोका, दोन-तीन सेंटिमीटर खोल, एका आळ्यात दोन-तीन बिया. रोपच लावायचं असेल तर दोन-तीन खऱ्या पानांचं (बीतून निघणारी पहिली दोन जाड पानं सोडून) घ्या आणि गोळा फुटू न देता बसवा.

दोघांना रोज थोडं थोडं पाणी

रोजच्या तांब्याभर पाण्याने वरची दोन इंच माती भिजते आणि झाडाची मुळंही तिथेच घुटमळतात. नव्या झाडाला पहिला महिना आठवड्यातून दोनदा 10 ते 15 लिटर द्या, पुढे आठवड्यातून एकदा 20 ते 25 लिटर, सावकाश. जड काळ्या मातीत अंतर वाढवा, मुरमाड जमिनीत कमी करा. शंका आली तर लोखंडी सळई खुपसून बघा. ती वीतभर सहज गेली तर पाणी नको. आळं बुंध्याला चिकटून नको, आणि दरवर्षी फांद्यांच्या टोकांबरोबर ते बाहेर सरकवा. आच्छादन दोन-तीन इंच जाड ठेवा, पण खोडापासून चार बोटं दूर. खोडाला टेकवलेला पाचोळ्याचा ढीग म्हणजे साल कुजायला आमंत्रण.

वेलाची मुळं बरीचशी वरच्या फूटभर मातीत असतात आणि पानं मोठी, त्यामुळे त्याला ओल एकसारखी लागते. तरी दुपारी दुधीची पानं लोंबकळली म्हणून लगेच पाइप उचलू नका. संध्याकाळी ती ताठ झाली तर वेलाने फक्त ऊन टाळलं. सकाळीसुद्धा मलूल असतील तर माती चाचपा. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असूनही वेल मलूल असेल, तर जास्त पाणी हेच उलट नुकसानीचं. एखादा वेल उपटून बघा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे मातीतले बारीक कृमी), मुळं तपकिरी आणि बुळबुळीत असतील तर मुळकूज. सूत्रकृमी निघाले तर त्या जागी पुढचा हंगाम काकडीवर्गातलं काहीही नको.

युरियाची मूठ

झाडाला पहिल्या वर्षी युरियासारखं रासायनिक नत्र (नायट्रोजन) देऊच नका. मुळं बसण्याआधी पालाच फुटला की फांद्या लेच्यापेच्या होतात. कुजलेलं शेणखत वरून पसरलं की पुरे. वेलाला लागवडीच्या वेळी आळ्यात चार-पाच किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि 100 ग्रॅम निंबोळी पेंड द्या. फुलं लागल्यावर नत्राचा हात आखडता घ्या. पाला गर्द हिरवा, वेल धावतोय आणि फळ एकही नाही, हे नत्र जास्त झाल्याचं नेहमीचं चित्र.

‘फुलं येतात आणि गळतात’

ही तक्रार सर्वांत जास्त, आणि निम्म्या वेळा तक्रारीचं कारणच नसतं. आधी नर फुलं येतात. ती गळणारच. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेरासारखं छोटं फळ असतं. ते पिवळं पडून गळालं तर कापून बघा. आत अळी असेल तर फळमाशी. गळालेली फळं वेलाखाली न ठेवता बंद पिशवीत घालून टाका, नवी फळं कागदाच्या पिशवीत झाका. अळी नसेल तर बहुधा परागीभवन झालेलं नाही. नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडा आणि परागकोश मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. वेळ मात्र सांभाळा. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, कारलं आणि काकडी सकाळी. सकाळी नऊ वाजता दुधीजवळ गेलात तर हाती कोमेजलेलं फूल येईल. उमललेल्या फुलांवर कीटकनाशक मारत असाल तर मधमाश्या फिरकणार नाहीत, मग हा उद्योग रोज तुम्हालाच.

कात्री उलटी चालवणं

वेलाच्या खालच्या बगलफुटी, म्हणजे पानांच्या बेचक्यातून निघणारे फुटवे, काढायच्या असतात. एकच खोड सहा फुटांच्या मांडवापर्यंत चढवा आणि तिथे शेंडा खुडा. मग आडव्या फांद्या फुटतात आणि मादी फुलं बहुतेक त्यांच्यावरच येतात. लोक नेमकं हेच झाडावर करतात, म्हणजे खालच्या फांद्या साफ आणि वरचा शेंडा छाटलेला. झाडाचा शेंडा कधीच खुडू नका. खालच्या फांद्याही दोन-तीन वर्षं काढू नका, आखूड करून ठेवा, कारण त्यांच्या जोरावर खोड जाड होतं. झाडाची काठीही सैल बांधा आणि वर्षाने काढून टाका. हललं तरच खोड बळावतं. तारेने घट्ट बांधलं तर सालीतून मुळांकडे जाणारं अन्न अडतं. वेलाला मात्र ताणे (आधाराला वेटोळे घालणारे तंतू) फुटायच्या आधी आधार तयार हवा.

वेल झाडावरच चढवणं

कोवळ्या झाडावर दुधी चढला की एका हंगामात शेंडा वाकतो. मोठ्या झाडाखाली वेलाला सहा-आठ तास ऊन मिळत नाही आणि पानांवर भुरी (पांढरी पूड दिसणारा बुरशीचा रोग) लवकर येते. शिवाय वाफ्यासाठी खणताना झाडाची अन्न घेणारी मुळं तुटतात, कारण तीही वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात. मांडव सावलीच्या बाहेर घ्या, आणि ती सावली हिवाळ्यात मोजा, कारण तेव्हा ती लांब पडते. जागाच नसेल तर दीड फुटी ग्रो बॅगेत लावा, पण बॅग विटांवर ठेवा. जमिनीवर टेकवली तर भोकांतून झाडाची मुळं आत शिरतात आणि वेलाच्या खतावर झाड पोसतं.