बोअरमधलं पाणी खाली जाऊ देऊ नका

पायासाठी जमीन तपासायला बोअर (खोल भोक) घेताना मुंबईत किनाऱ्यालगत भरावाखाली वाळू लागली आणि बोअरमधलं पाणी भूजलाच्या खाली गेलं, की वाळू बोअरच्या तळातून वर उसळते, सैल होते आणि एसपीटीचा (तळाशी नळी ठोकून किती ठोके लागतात ते मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा खोटा कमी येतो. मग भूकंपात जमीन द्रवरूप होईल या भीतीने पायलिंगचा (खोल खांबांच्या पायाचा) खर्च उगाच वाढतो.

उपाय फुकटचा आहे: बोअरमधलं पाणी कायम भूजलाच्या वर ठेवा. किनाऱ्याजवळ भरतीला भूजलही चढतं, म्हणून पातळी भरतीची धरा. बोअरमधले रॉड सावकाश काढा. झटक्याने ओढले की वाळू वर शोषली जाते.

ठोके दर १५ सेंमीला वेगळे लिहून घ्या (नुसती बेरीज मागणारे बरेच!). एन (एसपीटीचा आकडा) म्हणजे शेवटच्या ३० सेंमीचे ठोके. पहिल्या १५ला दोन आणि पुढे एकदम वीस दिसले तर तळ ढवळल्याची शंका घ्या.

खाडीच्या मऊ चिखलात मात्र एनवर विसंबू नका, व्हेन शिअर चाचणी (पाती चिखलात फिरवून त्याची ताकद मोजणारी) करून घ्या.