मॅग्नेटो तपासणीत इंजिन अडखळल्यास दोष कसा शोधावा

छोट्या विमानाच्या पिस्टन इंजिनात प्रत्येक सिलिंडरला सहसा दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना दोन स्वतंत्र मॅग्नेटो (इंजिनाच्या फिरण्यावर वीज निर्माण करणारी यंत्रे) ठिणगी पुरवतात. रन-अपच्या (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीच्या) वेळी, बहुतेक विमानांत १७०० ते १८०० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या), इंजिन एकाच मॅग्नेटोवर चालवले की वेग थोडा घसरतो. ही घसरण किती चालते ते विमानाच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक इंजिनांत ती १५० ते १७५ आरपीएमपर्यंत, आणि दोन्ही मॅग्नेटोंमधला फरक ५० पर्यंत, मान्य असतो. मात्र आकड्याइतकेच इंजिन कसे चालते याकडेही लक्ष द्यावे.

वेग बराच घसरूनही इंजिन एकसारखे चालत असेल, तर इंधन-हवेच्या मिश्रणात इंधन जास्त आहे किंवा मॅग्नेटोचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बिघडले आहे असे समजावे. इंजिन थरथरत, अडखळत असेल तर संशय प्लगवर घ्यावा. १०० एलएल या शिसेयुक्त विमान-पेट्रोलमधील शिशाचे करडे खडे विशेषतः खालच्या प्लगमध्ये साचतात. अशा वेळी दोन्ही मॅग्नेटो चालू ठेवून वेग २००० आरपीएमच्या आसपास न्यावा, मिश्रणातील इंधन कमी करावे आणि मिनिटभराने पुन्हा तपासावे. तरीही दोष राहिला, तर उड्डाण रद्द करावे. याबाबत तडजोड नाही.

दोषी सिलिंडर शोधण्यासाठी तंत्रज्ञ थंड इंजिन कमी वेगाने, ज्या मॅग्नेटोवर ते अडखळते त्याच मॅग्नेटोवर थोडा वेळ चालवतो, इंधनाचा पुरवठा तोडून बंद करतो आणि लगेच प्रत्येक एक्झॉस्ट पाइपचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजतो. जो पाइप इतरांपेक्षा स्पष्टपणे थंड, त्या सिलिंडरमध्ये ज्वलन होत नाही. मग तिथला संशयित प्लग दुसऱ्या सिलिंडरमध्ये बसवून पाहावा: दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब, जागीच राहिला तर बहुधा त्याची वायर. प्लगचा विद्युत रोध ५००० ओहमपेक्षा जास्त भरला, तर तो वरून कितीही स्वच्छ दिसला तरी बदलणेच योग्य.

वेग मुळीच घसरला नाही, तर अनेकांना इंजिन उत्तम आहे असे वाटते, आणि हाच समज सर्वांत धोकादायक आहे. मॅग्नेटो बंद करणारी अर्थिंगची वायर तुटलेली असू शकते. तसे असल्यास स्विच बंद असतानाही तो ठिणगी देतो, आणि हाताने पंखा (प्रोपेलर) फिरवताच इंजिन अचानक सुरू होऊ शकते. दुरुस्ती होऊन तपासणी पूर्ण होईपर्यंत त्या पंख्याच्या फिरण्याच्या कक्षेत कोणालाही येऊ देऊ नये.