छोट्या मशिनांच्या रिपेअरिंगचं वर्कशॉप: जागा किती घ्यायची आणि काय कुठे ठेवायचं

रिपेअरिंगमध्ये हात बसला की पुढचा विचार स्वतःच्या जागेचा येतो आणि नवीन मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात, गाळा किती फुटांचा घेऊ. पाण्याचे पंप, गवत कापायची मशिनं, छोटे जनरेटर, फवारणीचे पंप, म्हणजे एका-दोघांना उचलता येतील अशा मशिनांचं काम करणार असाल तर माझा अनुभव सांगतो, कारण मी पहिल्यांदा यातलं बरंच चुकीचं केलं होतं आणि ते निस्तरायला दोन वर्षं गेली.

माझा पहिला गाळा 12 बाय 18, म्हणजे 216 चौरस फूट. घेताना मी फक्त काम कुठे करणार एवढंच मोजलं. बेंच, ग्राइंडर, ड्रिल, पान्यांचा बोर्ड, हवेचा कॉम्प्रेसर सगळं आरामात बसलं, मधे मोकळी जागाही उरली. तीन महिन्यांत तिथे पाय ठेवायची सोय राहिली नाही. कोणाच्या रिंगा यायच्या बाकी, कोणाचं सील मिळत नाही, कोणी खर्चाला हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही, कोणाचं मशीन तयार होऊन आठवडा झाला तरी न्यायला येत नाही. बेंचवर एका वेळी एक मशीन असतं, फार तर दोन, जागा खातात ती ही थांबलेली मशिनं. मी मोजायला हवं होतं ते हेच.

हिशोब अवघड नाहीये. आठवड्याला किती मशिनं येतात आणि एक मशीन आल्यापासून जाईपर्यंत सरासरी किती आठवडे राहतं, या दोघांचा गुणाकार करा. 8 येत असतील आणि अडीच आठवडे राहत असतील तर कुठल्याही दिवशी तुमच्याकडे साधारण 20 मशिनं असणार, तुम्ही कितीही झटपट काम करा. एकाला 2 बाय 3 फूट धरा, म्हणजे 20 ना 120 चौरस फूट, जमिनीवर मांडली तर माझा अर्ध्याहून जास्त गाळा संपला. तेच तीन फळ्यांच्या रॅकवर ठेवली तर 2 फूट खोल आणि 21 फूट लांब रॅकमध्ये सगळी बसतात, जमीन जाते फक्त 42 चौरस फूट. म्हणून गाळा बघायला जाल तेव्हा जमिनीइतकीच भिंत बघा, खिडक्या-दारांनी तुटलेली भिंत असेल तर गाळा मोठा असूनही रॅकला जागा मिळत नाही. जड पंप आणि जनरेटर खालच्या फळीवर, कमरेच्या वर जड काही चढवायचंच नाही, आणि टाकी रिकामी केल्याशिवाय पेट्रोलचं कुठलंही मशीन रॅकवर जाऊ द्यायचं नाही.

हे अडीच आठवडे कुठून आणायचे? अजून कोणाच्या हाताखाली शिकत असाल तर फार चांगलं, महिना-दोन महिने वहीत लिहून ठेवा, मशीन आलं कधी, उघडलं कधी, पार्टसाठी थांबलं किती दिवस, गेलं कधी. ही वही तुम्हाला कोणीही दुसरा देणार नाही.

आता मांडणी. मला सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे ग्राइंडर. पॉवर पॉइंट जवळ होता म्हणून मी तो बेंचच्याच टोकाला बसवला, आणि त्याच बेंचवर मी कार्बोरेटर, म्हणजे इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग, उघडत होतो. एक पंप तीनदा परत आला, दरवेळी तीच तक्रार, पेट्रोल ओव्हरफ्लो होतंय. पेट्रोलची वाट बंद करणारी नीडल बदलली, पेट्रोलवर तरंगून ती नीडल दाबणारा फ्लोट बदलला, परत तेच. तिसऱ्या वेळी भिंग घेऊन बसलो तर नीडलच्या टोकाला, जिथे ती सीटवर टेकते तिथे, एक चमकणारा काळा कण रुतलेला, मिठाच्या दाण्यापेक्षाही लहान. ग्राइंडरच्या चाकाची धूळ होती ती. तेवढ्या कणाने नीडल पूर्ण बसत नव्हती आणि पेट्रोल थेंब थेंब वाहत होतं. म्हणजे दोष माझ्या कामात नव्हता, माझ्या मांडणीत होता, आणि मी पार्ट बदलत बसलो होतो.

तेव्हापासून मी गाळ्याचे दोन भाग मानतो, घाण आणि स्वच्छ. मशीन दारातून येतं तसं ते धुतलं जातं, उघडलं जातं, घासलं जातं, हे सगळं दाराकडे. जोडणी, कार्बोरेटर, वायरिंग, मोजमाप हे आतल्या बाजूला, मधे निदान पार्टिशन तरी. धुवायची जागा दाराजवळच हवी, तिथे उतार बाहेरच्या बाजूला हवा आणि तेलकट पाणी सरळ गटारात सोडायचं नाही, ते आधी टाकीत धरायचं, तेल वर तरंगतं ते काढून घेता येतं.

ठिणगी आणि पेट्रोल यांच्याबद्दल मी अजिबात तडजोड करत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीवरून पसरत जाते आणि खड्डा दिसला की त्यात साठते. म्हणून पेट्रोलचा साठा गाळ्याच्या बाहेर, आणि आत सर्व्हिसिंगचा खड्डा नको. वेल्डिंग आणि कटिंगसाठी 35 फुटांच्या आत पेटणारं काही नको असा नियम सगळीकडे सांगितला जातो, छोट्या गाळ्यात तेवढं अंतर मिळतच नाही, म्हणून मी ती दोन्ही कामं बाहेर शेडखाली नेली. बॅटरी चार्जिंगचं उलटं आहे, त्यातून निघणारा हायड्रोजन हलका, तो छताला जातो आणि हवेत 4 टक्के झाला की पेट घेऊ शकतो, तर तिथे वरच्या बाजूला हवा जायला वाट ठेवा. इंजिन टेस्टिंग सुद्धा बाहेरच करा, नुसतं शटर उघडं ठेवून भागत नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड झालेलं कळेपर्यंत उशीर होतो.

बेंचची उंची सगळे 34-36 इंच सांगतात आणि बारीक कामाला ती ठीक आहे. पण दीड फूट उंच जनरेटर त्यावर चढवला की तुमचे हात खांद्यापर्यंत जातात, पाना ओढायला जोरच मिळत नाही. त्यामुळे उंच मशिनांसाठी 24 इंचांचं वेगळं मजबूत टेबल करा, चढवायलाही सोपं पडतं. व्हाइस म्हणजे पार्ट घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, त्याचा वरचा भाग उभं राहिल्यावर तुमच्या कोपराइतका यायला हवा, आणि तो बेंचच्या पायाच्या बरोबर वर बसवा, फळीच्या मधोमध बसवला तर ठोकताना फळी नाचते. त्याचा मागचा जबडा बेंचच्या कडेच्या थोडा बाहेर यायला हवा, नाहीतर लांब शाफ्ट उभा धरताच येत नाही.

लाइट आणि वीज घाईत केली की पुढे वर्षानुवर्षं त्रास देते. ट्यूब पाठीमागे लावली तर आपलीच सावली कामावर पडते, ती बेंचच्या पुढच्या काठाच्या वर लावा. सॉकेट बेंचच्या वर भिंतीत, लाइटचं सर्किट आणि मशीनचं सर्किट वेगळं, म्हणजे ग्राइंडरने ट्रिप झालं तरी चालत्या ड्रिलसमोर अंधार होत नाही. ओल्या जागेजवळच्या सॉकेटना 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पाहिजेच. कॉम्प्रेसर भिंतीपलीकडे नेता आला तर न्या, आवाजाने दिवसाच्या शेवटी माणूस थकतो. त्याच्या पाइपला थोडा उतार द्या आणि खाली येणारी प्रत्येक लाइन मेन पाइपच्या वरच्या बाजूने काढा, म्हणजे पाइपमधलं पाणी टूलमध्ये येत नाही.

चालायची वाट एका माणसाला 3 फूट पुरते, ट्रॉली फिरवायची असेल तर 4 फूट तरी धरा.

हे सगळं आधी कागदावर बसवून बघा. चौकटीच्या कागदावर 1 सेंटिमीटर म्हणजे 1 फूट धरून गाळा काढा, बेंच, रॅक, ग्राइंडर यांचे तुकडे कापा आणि सरकवत राहा. दुसऱ्या गाळ्याच्या वेळी मी त्याच्याही पुढे जाऊन रिकाम्या जमिनीवर खडूने सगळं आखलं आणि एक जड खोकं उचलून दारापासून धुवायच्या जागेला, तिथून टेबलाला, तिथून रॅकला असा चाललो. चौथ्या फेरीला कळलं की पान्यांचा बोर्ड ज्या भिंतीवर ठरवला होता तिथे जायला दरवेळी टेबलाला वळसा पडतोय, एका कामात असे वीस-तीस वळसे. खडू पुसला, बोर्ड टेबलापाशी उभं राहिलं की माझ्या पाठीमागे येते त्या भिंतीवर आणला, आता मागे वळून हात केला की पाना हातात येतो.

आणि पहिले सहा महिने व्हाइसचा बेंच आणि ग्राइंडर सोडून काहीही जमिनीला बोल्ट करू नका. माझं ड्रिल मशीन तीनदा हललं, तिसऱ्यांदा ते रॅक आणि शटरच्या मधल्या कोपऱ्यात गेलं, तिथे लांब पट्टी शटरमधून बाहेर काढून भोक पाडता येतं, मग तिथेच बोल्ट केलं.