मॉडिफाय केलेली जुनी एमजीबी ‘प्रोजेक्ट’ म्हणून विकायची तर

अर्धवट राहिलेली गाडी विकायला काढली की पहिला मोह होतो रंगरंगोटीचा. तळाला काळं अंडरकोटिंग मारावं, गंजलेल्या जागी पुट्टी भरून वरून हात फिरवावा. ते नको. प्रोजेक्ट घेणारा खिशात चुंबक आणि हातात टोचा घेऊनच येतो, आणि ताजा रंग दिसला की त्याखाली भोक आहे असं धरूनच भाव पाडतो. त्याला चकाकी नको, हिशेब हवा असतो: कारखान्यातून काय निघालं, पुढे काय बदललं आणि काढलेलं सामान कुठे आहे.

सुरुवात चॅसी नंबरापासून, म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेल्या ओळख क्रमांकापासून करा. एमजीबी ही ब्रिटनच्या एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनत होती, आणि तेवढ्या काळात आतलं पुष्कळ बदललं. ‘जीएचएन’ने सुरू होणारा नंबर उघड्या टपाच्या गाडीचा, ‘जीएचडी’ने सुरू होणारा जीटीचा, म्हणजे बंद छपराच्या गाडीचा. इंजिन नंबर ‘१८जी’ किंवा ‘१८जीए’ असेल तर क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) तीन मेन बेअरिंग, ‘१८जीबी’पासून पुढे पाच. ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडून दाखला मागवता येतो. त्यावर मूळ रंग आणि मूळ इंजिन नंबर असतो. दाखल्यावरचा, नोंदणीच्या कागदावरचा आणि प्रत्यक्ष इंजिनावरचा असे तिन्ही नंबर शेजारी लिहा. इंजिन बदललेलं असेल तर नोंदणीतली दुरुस्ती जाहिरात देण्याआधीच उरका, कारण सौदा बहुधा इथेच अडकतो.

आता बदलांची यादी. तिचे दोन भाग करा: नटबोल्ट सोडून परत मूळपदावर आणता येतील असे बदल, आणि पत्रा कापून केलेले. पहिल्या भागात मूळच्या एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरची जोडी काढून बसवलेला वेबर कंपनीचा ४५ डीसीओई कार्ब्युरेटर येतो. नुसतं ‘वेबर बसवला आहे’ म्हणून भागत नाही. चोक आणि जेटचे (आतल्या हवेच्या आणि पेट्रोलच्या वाटांचे) आकडे उघडून वाचा आणि लिहा. मूळ एसयू देणार असाल तर मॅनिफोल्ड, हीट शील्ड, लिंकेज आणि एअर फिल्टरचे डबे सोबत आहेत का ते सांगा. नुसती कार्ब्युरेटरं ही अर्धीच गोष्ट. मागचे लिव्हर शॉकअप काढून नळीचे बसवले असतील तर जुने टाकू नका. फोर्डचा टाइप ९ हा पाच गिअरचा गिअरबॉक्स असेल तर बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), प्रोपेलर शाफ्ट आणि स्पीडोमीटरची केबल कुठली वापरली, तेही लिहा.

दुसऱ्या भागात खरी किंमत ठरते. रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ बसवताना एक्झॉस्टसाठी आतल्या विंगला (इंजिनाच्या बाजूच्या आतल्या पत्र्याला) भोकं पाडली का? रुंद टायरसाठी मडगार्डची कड कापली का? गिअरबॉक्ससाठी टनेल (त्याच्यावरचा पत्र्याचा उंचवटा) ठोकून वाकवला का? प्रत्येक कापाचा फोटो आणि जमलं तर माप द्या. इथे एक सावधगिरी: कारखान्याने व्ही-८ फक्त जीटीमध्ये, १९७३ ते ७६ दरम्यान बसवलं, आणि अशा २५९१ गाड्याच झाल्या. त्यांचा नंबर ‘जीडी२डी१’ने सुरू होतो. तुमची तशी नसेल तर शीर्षकातच ‘व्ही-८ कन्व्हर्जन’ म्हणा. तसंच १९७४च्या शेवटी आलेल्या रबरी बंपरच्या गाडीला क्रोमचे बंपर लावले असतील तर तेही सांगा. त्या मॉडेलची उंची वाढवलेली होती. बंपर बदलून गाडी उंचच राहिली असेल तर जाणकार ती लांबूनच ओळखतो.

वायरिंगमधली एक गोष्ट खरेदीदाराला महागात पडू शकते. १९६७पर्यंतच्या एमजीबींना पॉझिटिव्ह अर्थ होतं, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. डायनॅमो काढून अल्टरनेटर लावताना ते उलटलं जातं. बॅटरीच्या जागेजवळ ‘निगेटिव्ह अर्थ’ किंवा ‘पॉझिटिव्ह अर्थ’ अशी ठळक चिठ्ठी बांधा. चुकीची जोडणी झाली तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात.

गंजाकडे वळू. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची बॉडीच भार घेते, आणि त्यातला मोठा वाटा सिलचा. सिल म्हणजे दरवाजाखालची लांब पोकळ पेटी: बाहेरचा पत्रा, मधली पट्टी आणि खालची कॅसल रेल असे तीन थर. बाहेरचा पत्रा पुढच्या आणि मागच्या विंगच्या आतपर्यंत जातो. म्हणून काम नीट करायचं तर विंगचा खालचा भाग कापावा लागतो. ते टाळायला दरवाजापुरतीच पट्टी वेल्ड केलेली पुष्कळदा सापडते. तपासायचं सोपं आहे: जॅकिंग पॉइंटवर गाडी उचला आणि दरवाजाची फट बघा. फट बदलली किंवा दरवाजा लागेना, तर सिल गेलेलं आहे. मग आसनामागची बॅटरीची पेटी, फ्लोअर, मागच्या पाट्यांची बैठक आणि दरवाजावर छोट्या त्रिकोणी काचेखाली पडणारी चीर बघा. भोकं खडूने गोल करून फोटो काढा. कार्पेट ओलं असेल तर काढून टाका, पण खालचा पत्रा घासू नका.

इंजिन जाम असेल तर चावी फिरवत बसू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, काही दिवस थांबा आणि क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने हलवा. जोर करू नका. फिरत असेल तर सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. चारही आकडे कोरडे आणि एकेक चमचा तेल टाकून असे दोनदा लिहा. तेलाने आकडा चढला तर रिंग घासलेल्या. नाही चढला तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर.

सुटं सामान पिशव्यांत भरा. पिशवीवर भागाचं नाव आणि बाजू लिहा. डावं-उजवं म्हणजे चालकाच्या बसण्याच्या दिशेने. बोल्ट बहुतेक यूएनएफचे (इंची मापाच्या आट्यांचे) असतात, त्यात मेट्रिक मिसळू देऊ नका. त्रिकोणी काचांच्या चौकटी, टपाचा सांगाडा आणि क्रोमच्या पट्ट्या वेगळ्या विकायचा मोह टाळा, कारण अपुऱ्या गाडीला सुटे भाग काढणाराच गिऱ्हाईक उरतो.

भाव काढताना खर्चाच्या पावत्या जोडत बसू नका. तशाच अवस्थेतल्या, तितक्याच पूर्ण गाड्या कितीला गेल्या ते बघा. मूळ रूपाचा आग्रह धरणारा आणि वेगाचा शौकीन हे वेगळे गिऱ्हाईक आहेत. पहिल्यासाठी काढलेलं सामान आधी लिहा, दुसऱ्यासाठी बसवलेलं.

गाडी ट्रेलरवर चढणार आहे, तेव्हा आदल्या दिवशी चाकं फिरतात का बघा. ब्रेकचे लायनिंग चिकटले असतील तर ड्रम सोडवून ठेवा. टायरमध्ये हवा भरा, टाकीतलं शिळं पेट्रोल काढा, स्टिअरिंग लॉकची चावी हाताशी ठेवा. तारांची चाकं असतील तर स्पिनर (चाकाच्या मध्यावरचा मोठा नट) सोडायचा हातोडा सामानात टाका. पैसे खात्यात जमा झाल्यावरच कागद द्या आणि सामानाच्या यादीवर दोघांनीही सही करा.