कॉर्ड बदलताना ताल तुटू नये म्हणून

गिटारवर सी (C) ही कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) नीट वाजते, जी (G) सुद्धा नीट वाजते, पण सीवरून जीवर जाताना मध्ये खड्डा पडतो. नव्याने गिटार शिकणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. सराव होतो तो कॉर्ड धरून ठेवण्याचा; बोटं एका आकारातून दुसऱ्यात नेणं ही वेगळी हालचाल आहे आणि ती वेगळी घोटावी लागते.

सरावासाठी दोन कॉर्डची जोडी निवडल्यावर आधी पाहायचं की कोणतं बोट हलवायची गरजच नाही. (सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर; पहिलं घर मानेच्या टोकाकडचं.) ए मायनरमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर असते, मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. सी हवी असेल तर फक्त अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची. तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलता कामा नये. सवयीने तिन्ही बोटं उचलली जातात आणि वेळ तिथेच जातो. ई मेजरवरून ए मायनरवर जाताना तर अख्खा आकार तसाच राहतो, बारीक तारांच्या दिशेने एक तार सरकतो इतकंच.

सी ते जी ही जोडी खरी त्रासाची. जी धरताना मधलं बोट सहाव्या तारेवर आणि तर्जनी पाचव्या तारेवर ठेवायला शिकवलेलं असतं, त्यामुळे सीवरून येताना प्रत्येक बोटाला नवी जागा शोधावी लागते. त्याऐवजी जी अशी धरून पाहा: अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. आता अनामिका आणि मधलं बोट जोडीने जाड तारांच्या दिशेने एकेक तार सरकतात, फ्रेट तेच राहतात. करंगळी आठवडाभर कुरकुर करेल, पण हा बदल शिकण्यासारखा आहे.

बोटांना आकार लक्षात राहावा म्हणून कॉर्ड धरा, दाब सोडा पण बोटं तारांना टेकलेलीच ठेवा, पुन्हा दाबा. असं दहा वेळा. मग बोटं तारांपासून सेंटीमीटरभर उचला आणि सगळी एकदम टेकवा, तेही दहा वेळा. बोटं याहून लांब उडत असतील तर बहुधा दाब गरजेपेक्षा जास्त आहे. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, तिच्या मागे ठेवलं की कमी दाबातही स्वर स्वच्छ येतो. सगळी बोटं एकदम पोचत नसतील तर जाड तारेवरचं आधी पोचवा. खाली जाणारा स्ट्रोक (तारांवरून हात फिरवणं) जाड तारांपासून सुरू होतो, त्यामुळे बारीक तारांवरच्या बोटांना निमिषभर उसंत मिळते. सी धरताना बरेच जण तर्जनी आधी ठेवतात आणि अनामिका उशिरा पोचते, म्हणून पहिलाच स्वर मुका येतो.

मग मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. चारपैकी फक्त पहिल्या मात्रेवर स्ट्रोक द्या, उरलेल्या तीन मात्रांत पुढची कॉर्ड धरा. जमलं की पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, नंतर चारही मात्रांवर. सलग दोन मिनिटं न अडखळता झालं तरच वेग ५ ने वाढवायचा.

स्ट्रमिंगचा, म्हणजे तारा छेडणारा हात मात्र कशासाठीही थांबवायचा नाही. कॉर्ड पूर्ण बसली नसेल तरी स्ट्रोक वेळेवर पडू द्या. चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धात बोटं हवेत असताना उघड्या (न दाबलेल्या) तारा वाजल्या तरी चालतं. मुरलेले वादकही तसं करतात आणि ऐकणाऱ्याला ते खटकत नाही. थांबलेला हात मात्र लगेच कळतो.

एवढं करूनही पहिल्या फ्रेटवर फारच जोर लागत असेल तर गिटार तपासा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटच्या पट्टीवरची फट बघा. ती जेमतेम दिसावी. फट मोठी असेल तर नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचा खोल करून घ्याव्या लागतात. ते काम जाणत्या कारागिराकडेच द्या, कारण खाच जास्त खोल गेली की उघडी तार पहिल्या फ्रेटच्या पट्टीला लागून खरखरते.