कारखान्यांच्या पाण्याची पाइपलाइन येतीये? पर्यावरणावर काय परिणाम होईल हे असं तपासा

पाइपलाइन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर चारी येते, पोकलेन येतो, दोन-चार महिने धूळ, मग माती ओढली की झालं. अहवाल लिहिणारे पण बहुतेक वेळा तेवढंच लिहितात. माझा आतापर्यंतचा अनुभव असा की चारीचा त्रास नीट काम केलं तर दोन-तीन हंगामात भरून निघतो, पण पाइपची जी दोन टोकं असतात ना, पाणी उचलायचं ठिकाण आणि वापरून झालेलं पाणी सोडायचं ठिकाण, तिथलं नुकसान पाइप चालू आहे तोवर चालूच राहतं. त्यामुळे मी सुरुवात कायम टोकांपासून करतो, आणि तुम्हीपण तशीच करा.

उदाहरणाला जायकवाडी घेऊ, कारण छत्रपती संभाजीनगरच्या आजूबाजूच्या वाळूज, शेंद्रा वगैरे एमआयडीसींचं पाणी तिथूनच येतं आणि आकडे पण बऱ्याच जणांना तोंडपाठ आहेत. समजा एक नवी लाइन टाकायची आहे, ५० एमएलडीची (म्हणजे रोज ५ कोटी लिटरची), १ मीटर व्यासाची, ३० किलोमीटर लांब. (ही लाइन मी हिशोबासाठी धरलीये, कुठल्या खऱ्या प्रस्तावाची नाही.)

आधी पाण्याचा हिशोब

एमएलडी, दलघमी, टीएमसी, क्युसेक या चार भाषांत सरकारी कागद बोलतात आणि तिथेच माणूस गोंधळतो. १ एमएलडी म्हणजे रोजचे १० लाख लिटर, वर्षाचे ०.३६५ दलघमी (दशलक्ष घनमीटर). १ टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे २८.३ दलघमी. १ क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) दिवसभर चालला तर साधारण २.४५ एमएलडी. एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, मग कुठलाही कागद आला तरी एका भाषेत आणता येतो.

तर आपली ५० एमएलडी म्हणजे वर्षाला १८.२५ दलघमी. जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दलघमी. कन्सल्टंट लगेच सांगणार की हे एक टक्क्यापेक्षा कमी आहे, परिणाम नगण्य. गणित चुकलेलं नाहीये त्याचं, पण ते भरलेल्या धरणाचं गणित आहे. २०१६ चा उन्हाळा आठवा, किंवा २०१९ चा, उपयुक्त साठा संपून धरण मृतसाठ्यात (कालव्यात सोडता येत नाही अशा तळाच्या पाण्यात) गेलेलं. मृतसाठा ७३८ दलघमी, त्यातूनच पिण्याचं पाणी, त्यातूनच बाष्पीभवन, मासे पण त्यातच, आणि ती लाइन पण त्यातूनच पाणी ओढणार. एप्रिल २०१६ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांचं पाणी ६० टक्के कापायचा आदेश द्यावा लागला होता, ही वेळ का आली याचं उत्तर सरासरीच्या आकड्यात सापडत नाही.

म्हणून अहवालात सरासरी वर्ष दिलं असेल तर ते बाजूला ठेवा आणि गेल्या २०-२५ वर्षांची १५ ऑक्टोबरची साठ्याची यादी मागा. हीच तारीख का, तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून खाली किती सोडायचं हे त्या तारखेला जायकवाडी ६५ टक्के भरलंय का यावर ठरतं. यादीतली सगळ्यात वाईट चार-पाच वर्षं घ्या आणि त्यांच्यावर हिशोब करा. दुसरं म्हणजे एकट्या नव्या लाइनचा हिशोब करू नका, आधीच्या सगळ्या उपशाची मंजुरी आणि प्रत्यक्ष उचल दोन्ही मागा, बेरीज करा. प्रत्येक लाइन सुटी बघितली की प्रत्येकच नगण्य दिसते.

शेतीचा हिशोब पण करून ठेवा, गावात सांगायला तोच लागतो. पिकाला हंगामात अर्धा मीटर पाणी धरलं तर हेक्टरी ५००० घनमीटर, म्हणजे १ दलघमीत २०० हेक्टर. कालव्यात अर्धं मुरतं-उडतं धरा, १०० हेक्टर. १८.२५ दलघमी म्हणजे १८०० हेक्टरच्या आसपास एक हंगाम. पाइपने जाणारं पाणी मुरत नाही हा फायदा सांगितला जातो, खरा आहे, पण कालव्याचं मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना जातं हेपण त्याच परिच्छेदात लिहायला पाहिजे.

पाणी उचलायची जागा

जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे रोहित, पट्टकादंब, करकोचे येतात, आणि त्यांना खोल पाणी नकोच असतं, त्यांना काठाची उथळ दलदल लागते. जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), तिच्यापर्यंत पाणी आणणारा ॲप्रोच चॅनल, पंपाचा आवाज, रात्रभर लाइट हे सगळं नेमकं काठावर येतं. त्यामुळे पक्ष्यांची पाहणी मे महिन्यात करून "विशेष प्रजाती आढळल्या नाहीत" लिहिलेलं असेल तर तो भाग सरळ नाकारा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीची नोंद पाहिजे. शिवाय अभयारण्याच्या आत-बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवायचा असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २९ खाली परवानगी लागते, ती घेतलीये का हे लेखी विचारा.

माणसं पण बघा. पाणी खाली गेलं की काठावरचे लोक गाळपेरा (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) करतात, मच्छीमारांची जाळी ठरलेल्या जागी असतात. यांची नावं सातबाऱ्यावर नसतात, त्यामुळे तलाठ्याकडच्या यादीत ते दिसतच नाहीत. तिथे जाऊनच विचारावं लागतं, आणि एकदा नाही, पाणी भरलेलं असताना एकदा आणि उतरलेलं असताना एकदा, कारण दोन वेळेला तिथे वेगळीच माणसं भेटतात.

वापरलेलं पाणी कुठे जातं

हा भाग पाइपलाइनच्या अहवालात जवळजवळ नसतोच, "तो कारखान्यांचा विषय आहे" म्हणतात. पण ५० एमएलडी आत आलं तर त्यातलं बरंचसं सांडपाणी म्हणून बाहेर पडणारच ना. खाम नदी संभाजीनगर शहरातून, वाळूजच्या बाजूने जाऊन परत नाथसागराला, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयालाच मिळते. म्हणजे जिथून पाणी प्यायला उचलतो तिथेच ते फिरून येतं! तर विचारायचं हे की सीईटीपीची (कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया प्लांटची) क्षमता किती, आज त्यात किती येतं, आणि नव्या पाण्यामुळे वाढणारं सांडपाणी त्यात बसतं का. बसत नसेल तर पाइप आधी आणि प्लांट नंतर, असा प्रकार होतो. नदीचे नमुने घ्यायचे तर एमआयडीसीच्या वर, खाली आणि जलाशयात मिळते तिथे, तीन ठिकाणी घ्या, आणि एप्रिल-मेमध्ये नक्की घ्या कारण पावसाळ्यात सगळंच पातळ होऊन चांगलं दिसतं.

आता चारी

नकाशावर लाइन बघून काही कळत नाही, ती चालायला लागते. ३० किलोमीटर तीन दिवसांत आरामात होतात, सोबत त्या गावातला एक म्हातारा माणूस घ्या. ओढा कुठून फुटतो, कुठली विहीर मे मध्येपण आटत नाही, जुनी आंब्याची झाडं कुणाची, हे गुगलवर नाहीये. मी एकदा एक अहवाल हातात घेऊन मार्ग चाललो होतो, त्यातल्या झाडांच्या यादीत अशी झाडं होती जी फक्त कोकणात दिसतात, म्हणजे दुसरीकडची यादी उचलून चिकटवलेली. मार्ग चालल्याशिवाय हे मला कधीच कळलं नसतं.

रुंदी नीट बघा. कायमचा पट्टा पाच-सहा मीटरचा सांगतात, पण काम चालू असताना माती, पाइप, क्रेन, गाड्या सगळं धरून १५ मीटर तरी लागतातच. ३० किलोमीटर गुणिले १५ मीटर म्हणजे ४५ हेक्टर. भरपाई आणि झाडांची मोजणी या ४५ वर व्हायला पाहिजे.

माती हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, माझ्या मते तरी. आपल्याकडे वर फूट-दोन फूट काळी माती आणि खाली मुरूम. पोकलेनवाला सगळं एकत्र काढतो आणि एकत्र ढकलतो, आणि मग शेताच्या मधोमध मुरमाचा पट्टा राहतो ज्यात वर्षानुवर्षं पीक धरत नाही. त्यामुळे वरची ३० सेंटिमीटर माती वेगळी काढायची, वेगळी ठेवायची, शेवटी वर टाकायची, ही अट निविदेत पाहिजे, नुसती अहवालात असून उपयोग नाही कारण ठेकेदार अहवाल वाचत नाही. वाफसा नसताना जड गाड्या शेतात घालायच्या नाहीत हीपण अट टाका.

उरलेल्या मातीचं काय हे कुणी विचारत नाही. १ मीटर व्यासाचा पाइप दर मीटरला पाऊण घनमीटरपेक्षा थोडी जास्त जागा खातो, ३० किलोमीटरला साडेतेवीस हजार घनमीटर. एका हायवात १२ घनमीटर धरलं तर दोन हजाराच्या आसपास खेपा, आणि खोदलेली माती फुगते त्यामुळे अजून जास्त. ही माती कुठे टाकणार ते ठिकाण गट नंबरासकट मागा, नाहीतर ती ओढ्यातच जाते.

विहिरी. खडक लागला की ब्लास्टिंग, आणि मग "आमच्या विहिरीचं पाणी गेलं" ही तक्रार. शेतकरी खोटं बोलत नसतो पण पुरावा नसतो. तर काम सुरू व्हायच्या आधी मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या २००-३०० मीटरमधल्या सगळ्या विहिरींची पातळी दोरी सोडून मोजा, फोटो काढा, तारीख टाका, ग्रामसेवकाची सही घ्या. चारीत पाइपखाली वाळू-खडी टाकतात, त्यातून पाणी झिरपत चारीच्या दिशेनेच पळतं, उतारावर मधेमधे मातीचे किंवा काँक्रीटचे आडबंध घातले नाहीत तर एका शेतातला ओलावा दुसऱ्याच शेतात निघतो.

ओढे-नाले ओलांडायचं काम उन्हाळ्यात संपलं पाहिजे, आणि पाइप पुरात तळ खरवडला जातो त्याच्याही खाली पाहिजे. टेस्टिंगचं पाणी पण विसरू नका, १ मीटर व्यासाच्या १ किलोमीटर पाइपात ७८५ घनमीटर पाणी असतं, ते एकदम नाल्यात सोडलं तर काठ वाहून जातो आणि त्यात क्लोरीन असेल तर मासे मरतात.

वीज

पूर्ण भरलं तरी जायकवाडीची पातळी १५२२ फूट, शहर त्याच्या तीनशे फुटांहून जास्त वर. ५० एमएलडी १०० मीटर उचलायचं, पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर रोज साधारण साडेएकोणीस हजार युनिट, वर्षाला ७१ लाख. दर युनिटला ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाचे पाच हजार टन. पाइपातलं घर्षण यात धरलेलंच नाही. हा आकडा अहवालात मागा, कारण पर्यायाशी तुलना करताना तो लागतो. पर्याय म्हणजे काय, तर नागपूरला भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. जानेवारी २०१६ च्या विजेच्या टॅरिफ पॉलिसीत तर एसटीपीपासून (शहराच्या सांडपाणी प्रक्रिया प्लांटपासून) ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना ते पाणी वापरणं सक्तीचंच केलंय. मग शहराला लागून असलेल्या एमआयडीसीला धरणाचंच पाणी का, याला "गुणवत्ता योग्य नाही" हे एका ओळीचं उत्तर चालवून घेऊ नका.

कागद कुठे मागायचा

इथे बरेच जण अडकतात. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेच्या यादीत तेल आणि गॅसच्या पाइपलाइन आहेत, पाण्याच्या नाहीत. म्हणजे नुसत्या पाण्याच्या लाइनला पर्यावरण मंजुरी लागत नाही असं सांगतील आणि ते खरं असेल. पण ती लाइन ज्या कारखान्यासाठी किंवा औद्योगिक क्षेत्रासाठी आहे त्याला मंजुरी लागत असेल तर पाण्याचा स्रोत हा त्याच ईआयएचा भाग आहे, परिवेश पोर्टलवर (केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या वेबसाइटवर) तो शोधा. वनजमीन असेल तर वन मंजुरी वेगळी, तिथेपण बघा. जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी यावी लागते आणि मराठीत सारांश मिळायला पाहिजे. सुनावणीत भाषण ठोकण्यापेक्षा वरचे प्रश्न नंबर टाकून लेखी द्या, पोच घ्या, आणि इतिवृत्तात ते आलेत का बघा.

लाइन चालू झाल्यावर पण तीन गोष्टी मोजत राहायच्या, जॅकवेलवरचं मीटर रीडिंग, त्याच विहिरींची पातळी दर मे महिन्यात, आणि खामचे ते तीन नमुने. मीटर रीडिंग महिन्याच्या महिन्याला माहिती अधिकारात मागा, आणि पहिला अर्ज लाइन सुरू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात टाका.