पैशाशिवाय भातलावणी: पैरा कसा जमवायचा

पैरा म्हणजे तुझ्या रानात मी, माझ्या रानात तू; मजुरीचा रुपया मध्ये येत नाही. आमच्या पाटणकडच्या डोंगरात लावणी अशी उरकते, आणि अशीच उरकावी असं मला मनापासून वाटतं.

मृगाआधी चार-पाच घरांनी एकत्र बसा. तरवा, म्हणजे लावणीसाठीची भाताची रोपं, मुद्दाम पुढंमागं टाका, नाहीतर सगळ्यांना एकाच दिवशी माणसं लागतात. रोप 21 ते 25 दिवसांचं झालं की लावायला घ्या. त्याआधी चिखलणी झालेली हवी, बांध लिंपलेले हवेत, तरव्याच्या मुठी खाचरात टाकलेल्या हव्यात. आलेलं माणूस रिकामं उभं राहता कामा नये.

हिशेब गुंठ्याचा नाही, दिवसाला दिवस. म्हातारीचा दिवसही तरण्या पोराइतकाच धरा. बैलजोडी किंवा पॉवर टिलर आला तर त्याचे किती दिवस फेडायचे, हे आधीच बोलून घ्या. भांडणं इथंच होतात. ज्याचं रान त्याचं जेवण.

एक मात्र बजावते. पैसा नसला की गाव सुखी, असं मानू नका. बलुतेदारीतही मजुरी धान्यातच होती, पण वतनदार महाराला, म्हणजे गावकामाच्या बदल्यात पिढीजात वतन असलेल्याला, काम नाकारायची सोय नव्हती. डॉ. आंबेडकरांनी त्याविरुद्ध 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. ती वतनं गेली 1958 च्या कायद्यानं. म्हणून भूमिहीन बाईला पैऱ्यात ओढू नका. तिच्याकडं रानच नाही, तर तुम्ही तिचा दिवस फेडणार कुठं? तिची मजुरी संध्याकाळी रोख, तिच्याच हातात द्या.